उरलेल्या जागेतली शीळ

११ डिसेंबर २००७

प्रिय चिमे,

हे पत्र आईच्या पिशवीत तळाशी ठेवलं आहे, वर तिची शाल. तुझ्या हाती पडेपर्यंत तिने ते वाचलेलं असेल हे गृहीत धरूनच लिहितो. (आई, वाचून झालं ना? आता घडी नीट घाल.)

‘भांडायचं तर लिहून भांडा, फोनवर नाही’ हा तिचा हुकूम मी किती इमानाने पाळतो आहे, याची नोंद घे. तिचं म्हणणं, फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कोणीच नाही. लिहिताना निदान एकाला गप्प बसावं लागतं.

तर पहिली बातमी. आईचे पुढचे हलणारे दात इथल्या डॉक्टरांनी काल काढले. जखम भरली की नवे तिकडेच बसवून घ्या म्हणाले. थोडे दिवस तिला मऊ खायला दे आणि फार बोलू देऊ नकोस. दुसरी सूचना पाळून दाखवलीस तर मी तुझा जाहीर सत्कार करीन.

दुसरी बातमी जास्त मोठी. दात काढायच्या आदल्या दिवशी मी आईची शीळ चित्रित केली! दर वेळी ‘करू या, करू या’ म्हणत राहून जायचं. ती ओट्याशी दूध तापायची वाट बघत उभी होती आणि तिची नेहमीची सुरू झाली. मी कॅमेरा उचलला. आपल्याला खेळातून घरी बोलवायला तिने कधी हाका मारल्या नाहीत, आठवतं? गच्चीवरून एक शीळ, की गल्लीतली झाडून सगळी पोरं पळत सुटायची, त्यातली तिची दोनच. दिवे लागायच्या आत घरी.

आणि हे सगळं मी माझ्या नव्या रेकॉर्डरवर, एचडी डीव्हीडीवर उतरवलं. साध्या डीव्हीडीत माणूस दिसतो. यात माणसाच्या स्वेटरची वीण मोजता येते. दुधाची वाफ दिसते, कपाचा टवका दिसतो, आणि आईच्या पुढच्या दोन दातांमधली ती फटसुद्धा दिसते, जिच्यापायी तिने जन्मभर फोटोत तोंड मिटून ठेवलं. हे शेवटचं तिला सांगू नकोस. (आई, वाचू नकोस.)

दोन चाली छान झाल्या. तिसरी, ती गच्चीवरची, घरी बोलावण्याची, सुरू करणार एवढ्यात दूध उतू गेलं. ‘उरलेली उद्या’ म्हणून ती फडकं शोधायला धावली, आणि उद्या दात गेले.

म्हणून मी डिस्क बंद केलेली नाही. तू दुकानात डिस्क फक्त भाड्याने देतेस, लिहीत नाहीस, तेव्हा समजावून सांगतो. रेकॉर्डरवर डिस्क भरून झाली की शेवटी ती बंद करायची असते, पाकिटाला डिंक लावतात तशी. बंद केली की ती आमच्या एचडी डीव्हीडी पंथाच्या कुठल्याही यंत्रावर चालते, पण तिच्यात आणखी काही भरता येत नाही. उघडी ठेवली तर ज्या यंत्राने लिहिली त्यालाच ती कळते, बाकीच्यांना ती कोरी. मी उघडी ठेवली आहे. नवे दात बसले की आईला इकडे पाठव, उरलेली चाल त्याच डिस्कवर घेऊ.

पैज विसरली नाहीस ना? तुझी ब्लू-रे आणि माझी एचडी डीव्हीडी, या दोन तऱ्हांच्या डिस्कपैकी जी बाजारातून उठेल तिच्या पुरस्कर्त्याने आपलं यंत्र दुसऱ्याला द्यायचं. तुझ्या यंत्रासाठी मी फळी रिकामी करून ठेवली आहे. तुझ्या ब्लू-रेचा सगळा मजकूर डिस्कच्या अगदी वरच्या सालीखाली असतो म्हणे. असल्या पातळ कातडीच्या गोष्टी टिकत नाहीत. घोडामैदान जवळच आहे.

तुझा (जिंकणारा) दादा

---

६ जानेवारी २००८

प्रिय दादा,

आई पोहोचली त्याला महिना होत आला. पत्र तिने वाचलं होतं. ‘तो फटीबद्दल काय लिहितो, बघतेच त्याला,’ असं ती आल्या आल्या, कापूस तोंडात धरून म्हणाली. म्हणजे मला तसं ऐकू आलं.

आता माझं ऐक. पातळ कातडी, पातळ कातडी करत बसलास, पण त्या कातडीखाली एका थरात पंचवीस गिगाबाइट मावतात. तुझ्यात पंधरा. दोघांचा किरण निळाच, मग तुझ्याकडे कमी का मावतं? नाचता येईना अंगण वाकडं, आणखी काय.

दुकानात मात्र गंमत चालली आहे. तुमच्या पंथाच्या डिस्क लाल डबीत, आमच्या निळ्या. लोक येतात आणि सिनेमाचं नाव न विचारता ‘आमच्याकडे लाल चालते की निळी?’ असं मलाच विचारतात. तुमच्या घरी काय आहे ते मला कसं माहीत असणार? कालच एका बाईंनी लाल डिस्क निळ्या यंत्रात घातली आणि ‘पडदा काळा येतो, सिनेमा दुःखाचा आहे का?’ म्हणून विचारत आल्या.

आणि परवाची बातमी वाचलीस का? एका मोठ्या सिनेमा कंपनीने तुमचा हात सोडला. यापुढे फक्त निळ्या डबीत. मी पेढ्याची ऑर्डर दिली नाही, कारण मी सभ्य आहे. पण फळी पुसायला घेतली आहे.

आईचं तोंड अजून बोळकंच आहे. शीळ घालायचा प्रयत्न करते, नुसतं ‘फू’ येतं. माझी भिंगरी तिच्या मांडीवर बसून त्या ‘फू’ला खदखदा हसते. सहा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं?

तुझी चिमी

---

२५ फेब्रुवारी २००८

चिमे,

गेल्या आठवड्याची बातमी तू वाचली असशीलच. वाचली नसतीस तर तुझ्या नवऱ्याने मला सकाळी सकाळी फोन करून ‘काय मग?’ एवढंच विचारून ठेवून दिला नसता. बनवणाऱ्यांनीच हात टेकले. एचडी डीव्हीडी संपली.

मी शब्दाचा पक्का आहे. सोबतच्या खोक्यात माझा रेकॉर्डर आहे. माझ्या स्टुडिओतल्या पोरांनी त्याला निरोप दिला, कोणी तरी वर फूल ठेवलं, ते मी काढून टाकलं. कारण माझं मत अजून बदललेलं नाही. चित्र आमचंच चांगलं होतं. जग चुकलं, यात यंत्राचा काय दोष?

पडलं तरी नाक वर, असं तू म्हणशील. म्हण.

त्याला उन्हात ठेवू नकोस.

दादा

---

१६ मार्च २००८

प्रिय हरलेल्या दादा,

खोकं मिळालं! तुझं यंत्र दुकानाच्या काचेच्या कपाटात मधोमध ठेवलं आहे, खाली चिठ्ठी: ‘युद्धात जिंकलेला माल. हात लावू नये.’ गिऱ्हाइकं थांबून वाचतात. चालतं की नाही बघायला तुमच्या पंथाची एक लाल डिस्क आत घातली, पेंग्विनांची. चित्र... बरं होतं. याहून जास्त मी लिहिणार नाही.

आईचे दात आले. इथल्या दातांच्या डॉक्टरांनी इतके सुंदर केले आहेत की विचारू नकोस. सरळ, एका ओळीत, मधे फटबिट काही नाही. आई आरशापुढून हलत नाही. काल शेजारणीशी बोलताना मुद्दाम हसत होती, आणि शेजारीण तिच्या वीजबिलाचं रडगाणं सांगत होती.

पण शीळ काही येत नाही रे. दात बसल्यावर येईल असं वाटलं होतं. फुंकर येते, सूर येत नाही. चारदा करून बघितली, मग हसली आणि म्हणाली, वय झालं. त्यामुळे एवढ्यात तिकडे येणं नको म्हणते. तुझ्या डिस्कवरची जागा राहू दे तशीच.

तुझी जिंकलेली चिमी

---

१४ मे २०११

प्रिय दादा,

पत्र पाठवायला एवढी वर्षं लागली, कारण भांडायला काही उरलंच नव्हतं. जिंकून तरी मी काय मिळवलं म्हणा! लोकांना आता डिस्कच नको आहेत, लाल नाही की निळी नाही. दुकानाच्या अर्ध्या भागात मी झेरॉक्सचं यंत्र घातलं आहे, तेच जास्त चालतं. आपण दोघं ज्या दगडावर बसून भांडलो तो दगडच वाहून गेला.

पण आज काम वेगळं आहे. आईचं आणि भिंगरीचं बिनसलं आहे.

झालं असं. भिंगरीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या आणि कोणाची आजी काय करते यावर त्यांची चढाओढ लागली. एकीची आजी पोहते, एकीची गाडी चालवते. आपली आई मधेच म्हणाली, ‘मी अशी शीळ घालायचे की पाच गल्ल्यांतली पोरं गोळा व्हायची.’ पोरी म्हणाल्या, घाला ना आजी. आणि आईने, काय म्हणावं तिला, खरंच प्रयत्न केला. फुस्स. पोरी हसल्या, ते ठीक आहे, पोरीच त्या. पण भिंगरी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आजी थापा मारते.’

मी तिला रागावले, माफी मागायला लावली. आईने ‘असू दे गं’ म्हणून सोडूनही दिलं. पण तेव्हापासून ती गच्चीवर जात नाही. संध्याकाळी खुर्ची घेऊन आतच बसते. काल मला विचारते, ‘चिमे, मी खरंच घालायचे ना शीळ?’ 

बारा जूनला तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस. ती डिस्क आहे ना तुझ्याकडे? मला पाठव. भिंगरीला समोर बसवून दाखवायची आहे. आणि आईलाही.

चिमी

---

२२ मे २०११

चिमे,

आहे! हिवाळी मोज्यांच्या खणात होती. पाकिटावर माझ्याच अक्षरात ‘आई, उरलेली बाकी’ असं लिहिलेलं. ती सोबत पाठवतो आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, जपून उघड.

एक लक्षात ठेव. मूळ टेपवर मी नंतर कोणाचं तरी लग्न घेतलं, त्यामुळे जगात हीच एक प्रत आहे. आणि ती उघडी आहे. म्हणजे ज्या यंत्राने लिहिली त्या यंत्रातच चालणार. ते यंत्र कुठे आहे? तुझ्या काचेच्या कपाटात, मधोमध, चिठ्ठीसकट. बघ, हरण्यातही शहाणपण असतं! माझ्याकडे राहिलं असतं तर मी एव्हाना विकलं असतं.

मला स्वतःला यायचं होतं, पण लग्नसराई आहे, बारा तारखेला एकाच दिवशी दोन मांडवांत कॅमेरा घेऊन उभं राहायचं आहे. तू फक्त कपाट उघड, यंत्र पूस, डिस्क घाल.

आईला सांगू नकोस. भिंगरीला तर अजिबात नको.

दादा

---

२७ मे २०११

प्रिय दादा,

डिस्क मिळाली. यंत्राची काळजी करू नकोस, ते उत्तम आहे.

जाता जाता एक विचारते, एका गिऱ्हाइकाला हवं आहे. समजा, नुसतं समजा, एखाद्याचं असंच यंत्र घरात नसून दुसऱ्या एका चांगल्या, स्वच्छ जागी असेल, आणि त्याचा डिस्क ठेवायचा ड्रॉवर बरेच दिवस उघडत नसेल, तर काय करावं? लवकर कळव. गिऱ्हाईक घाईत आहे.

चिमी

---

२९ मे २०११

प्रिय मामा,

मी भिंगरी. आई गिऱ्हाइकाचं म्हणून जे लिहिते आहे ते गिऱ्हाईक आईच आहे. तुझं यंत्र कपाटात नाही. कपाटात आता झेरॉक्सचे कागद असतात. यंत्र दातवाल्या डॉक्टरांकडे आहे. आजीचे दात छान झाले म्हणून आईने त्यांना ते भेट दिलं, त्यांना पेशंटच्या बसायच्या खोलीत टीव्हीला काही तरी लावायला हवं होतं. आई त्यातली पेंग्विनची डिस्क काढायला विसरली आणि नंतर ड्रॉवर अडकला. डॉक्टर भेट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करायची म्हणून बोलले नाहीत. म्हणून तिथे नेहमी पेंग्विनच असतात. मी चार वेळा गेले आणि चारही वेळा तो एक पेंग्विन घसरून पडला. सगळ्या पेशंटना तो कधी पडतो ते माहीत आहे. पडायच्या आधीच सगळे ‘आई गं’ म्हणतात.

हे मी तुला का सांगते, तर आजीची आणि माझी पैज लागली आहे. तुझ्या डिस्कमध्ये शीळ निघाली तर मी हरले आणि मग आजी सांगेल ते मी एक वर्ष करायचं. नाही निघाली तर आजीने थाप मारली असं माझ्या मैत्रिणींना सांगायचं. (डिस्कचं मला माहीत आहे. आई पाकीट उशीखाली ठेवते.)

मला वाटतं नाही निघणार. पण आजी हल्ली गच्चीवर येत नाही, तेही मला आवडत नाही. मग काय करायचं?

भिंगरी

---

३ जून २०११

चिमे,

तुझ्या घाईतल्या गिऱ्हाइकाला माझा नमस्कार सांग.

युद्धात जिंकलेला माल दाताच्या दवाखान्यात! पेंग्विन दाखवतोय! गेली तीन वर्षं मी माझ्या मित्रांना सांगतो आहे की माझं यंत्र बहिणीच्या दुकानात काचेत ठेवलंय, लोक थांबून बघतात. थांबून बघतात हे खरं निघालं, एवढंच समाधान. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण मी चिडलेलो नाही, उलट हायसं वाटलं. तू ते भंगारात घातलं असतंस तर? शिवाय रोज चालू आहे म्हणजे ते जिवंत आहे. बंद पडून राहिलेली यंत्रं जास्त मरतात.

आता नीट वाच. यंत्राची वायर काढायची. वरचं झाकण मागच्या स्क्रूंवर आहे, ते काढायचं. आत ड्रॉवरच्या तोंडाशी एक बारीक भोक दिसेल. त्यात सरळ केलेली कागदाची पिन हळूच घालून दाबायची, ड्रॉवर थोडा पुढे येईल, मग हाताने ओढायचा. धसमुसळेपणा करायचा नाही. म्हणजे तू करायचं नाही, ज्याचा हात हलका आहे अशा कोणाला तरी करू दे.

आणि भिंगरे, ‘मग काय करायचं’ विचारतेस ना? हरायला तयार राहायचं. आपल्या घरात ते मला सगळ्यात चांगलं जमतं.

दादा

---

१३ जून २०११

प्रिय दादा,

बस, पाणी पी, आणि वाच.

वाढदिवस दाताच्या दवाखान्यात झाला. यंत्र भिंतीवरच्या टीव्हीखाली असं पक्कं ठोकलं होतं की डॉक्टर म्हणाले, हलवण्यापेक्षा तुम्हीच या, रविवारी दवाखाना बंदच असतो. बंद असूनही गालफड सुजलेले एक गृहस्थ बाहेर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली, तरी उठेनात. म्हणाले, ‘पेंग्विन सोडून दुसरं काही लागणार असेल तर मी बघूनच जाईन.’

मी पिन सरळ करून आणली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. कपाळावरचा दिवा लावला, वायर काढून यंत्राचं झाकण उघडलं, दात तपासायची आपली बारीक सळई घेतली, आणि सवयीने यंत्राला म्हणाले, ‘थोडं दुखेल हं.’ एकदा दाबलं, ड्रॉवर सुटला. पेंग्विन बाहेर आले. सुजलेल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

मग तुझी डिस्क घातली. पडद्यावर ‘वाचत आहे’ आलं आणि तिथेच थांबलं. थांबूनच राहिलं. भिंगरी हळूच म्हणाली, ‘नाही ना?’ आणि तिचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता रे. आईने पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी मनात तुझ्या यंत्राला कधी नाही ते ‘बाबा रे, राजा रे’ म्हणत होते.

आणि एकदम तुझं स्वयंपाकघर आलं. टवका गेलेला कप, दुधाची वाफ, सगळं. आईने स्वेटरच्या बाह्या वर केल्या, ओठ मुडपले, आणि ती शीळ! मला वाटत होतं मला ती आठवते. काही आठवत नव्हती. इतकी मोकळी होती ती? रडू आलं आणि हसूही. भिंगरी पडद्याकडे बघतच नव्हती. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती, आ वासून. मग जाऊन तिच्या मांडीवर बसली. नऊ वर्षांची घोडी.

आई काय म्हणाली माहीत आहे? ‘दुसऱ्या चालीत शेवटी घसरलेय जरा.’

आता खरी गोष्ट ऐक. दुसरी चाल संपते न संपते तोच डॉक्टर ओरडले, ‘थांबा! मागे घ्या!’ चित्र थांबवायला लावलं आणि स्टूल ओढून पडद्याला नाक लावून उभे राहिले. मग वळून आईकडे बघितलं, जणू तिने त्यांची चोरी केली आहे. ‘आजी, तुमच्या दातांत फट होती?’

आई म्हणाली, ‘होती.’

‘मला सांगितलं नाहीत कधी!’

‘सांगायचं कशाला? तेवढी एक बला गेली म्हणून मी खूश होते.’

डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. तिचे जुने दात त्यांनी पाहिलेच नव्हते, ते तुमच्याकडे निघाले. फोटो बघावेत तर सगळ्यांत आईचं तोंड मिटलेलं. म्हणून त्यांनी आपले सरळ, सुंदर, बंद दात केले. आणि शीळ तर त्या फटीतून यायची! चित्र एकेक चौकट पुढे सरकवत त्यांनी आम्हाला दाखवलं: जीभ कुठे टेकते, वारा कुठून निघतो. पडद्यावर पारदर्शक कागद धरून त्यांनी आईचे दात गिरवून घेतले.

आता एक वाक्य लिहिते, ते मी एकदाच लिहिणार आहे, कापून भिंतीला लाव: साध्या डीव्हीडीवर तिथे नुसती पांढरी पट्टी दिसली असती. तुझी एचडी डीव्हीडी होती म्हणून ती फट दिसली.

डॉक्टर म्हणाले, ‘आजी, आठवड्यात नवे करून देतो, अगदी तशी फट ठेवून. शीळ येईल, बहुतेक येईलच. पण मग हसलात की दिसेल.’

आणि दादा, तुला वाटलं असेल आई उडी मारून हो म्हणेल, मलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, ‘बघते विचार करून,’ एवढंच. घरी आल्यावर भिंगरीच्या बाबांनी वाढदिवसाचा फोटो काढला, त्यात ती सगळे दात दाखवून हसली आहे. तिचा तसा हा पहिलाच फोटो असेल. ‘फटफटी’ म्हणायच्या म्हणे तिला शाळेत. सत्तरी ओलांडल्यावर मिळालेलं हसू कोण सहज परत देईल? मी तिला काही बोलले नाही. भिंगरीलाही गप्प राहायला सांगितलं आहे, आणि ती खरंच गप्प आहे, यावरून ओळख.

चिमी

---

२६ जून २०११

चि. दादास,

तुम्ही दोघं एवढं लिहिता, मला कधी कोणी विचारत नाही, म्हणून आज मीच लिहायला बसले.

दात बदलून घेतले. डॉक्टर चांगले आहेत, जुनेही जपून ठेवा म्हणाले, लग्नाकार्यात लावायला. मी चार दिवस दोन्ही डब्या आरशापुढे घेऊन बसत होते. एक लावायचे, हसून बघायचे. दुसरे लावायचे, हसून बघायचे. चिमी दाराआडून बघायची आणि बघत नाही असं दाखवायची. तिला लहानपणापासून काही लपवता येत नाही, यंत्राचंच बघ.

शेवटी काय झालं, परवा संध्याकाळी भिंगरी गल्लीत खेळत होती. हाका मारून मारून माझा घसा बसला. ही पोरगी हाकेला ओ देत नाही, अगदी तुमच्यासारखी. म्हटलं, पुरे झालं. आत गेले, फटीचे दात लावले आणि गच्चीवर गेले. पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्यांदाही. मग जीभ आपली जागा शोधत गेली आणि सापडली तिला.

भिंगरी धावत आली, तिच्या मागून सगळी पोरं. ते ठीकच आहे. पण चिमी दुकान उघडं टाकून पळत आली रे! हातात कोणाचे तरी झेरॉक्सचे कागद, एका पायात चप्पल. दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिलाच कळेना आपण का आलो. मग बसली पायरीवर आणि हसत सुटली.

भिंगरी पैज हरली आहे. वर्षभर ती रोज माझ्याकडे शीळ शिकणार. तिच्या दातांत फट नाही, पण एक दुधाचा पडायला आला आहे, तो पडला की काम भागेल.

सोबत फोटो पाठवते. तोंड उघडं आहे. फट दिसते आहे. दिसू दे.

आता तुझं. तेव्हा दूध उतू गेलं आणि एक चाल राहिली, तिच्यासाठी तू डिस्क अजूनही उघडीच ठेवली आहेस हे मला चिमीने सांगितलं. एवढी वर्षं जागा धरून ठेवलीस. फोनवर ऐकवू का म्हणून चिमी मागे लागली होती, मी नाही म्हटलं. राहिलेली चाल घरी बोलावण्याची आहे, ती फोनवर घालून काय उपयोग? डॉक्टर यंत्र एक दिवस सोडायला तयार आहेत. कॅमेरा घेऊन ये, तुझी लग्नं संपली की.

परवा आपल्यातल्या दोघीच येऊन उभ्या राहिल्या, मी तिसऱ्याची वाट बघत होते. एवढ्या लांब ऐकू जात नाही, माहीत आहे मला. म्हणून लिहून कळवते: शीळ घातली आहे. दिवे लागायच्या आत घरी ये.

आई